जो मोडिसे : भूमिगत सेनेचे सेनापती ते संरक्षणमंत्री

प्रश्न : दक्षिणायन

नमस्कार. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी गोऱ्या राजवटीनंतर झालेल्या सत्तांतराविषयी वाचताना जो मोडिसे या नावापाशी मी थबकलो आहे. जोहान्सबर्गमध्ये १९२९ साली जन्मलेले, ट्रक चालवून पोट भरणारे मोडिसे त्याच शहरातील सोफियाटाउन या वस्तीतून काळ्या रहिवाशांना हुसकावून लावण्याविरुद्धच्या लढ्यातून पुढे आले. १९६५पासून पंचवीस वर्षे ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ‘उमखोंतो वे सिझ्वे’ या सशस्त्र दलाचे, म्हणजेच एमकेचे, सेनापती होते आणि मे १९९४मध्ये मंडेलांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. ज्या लष्कराने शेजारी देशांतील मातोला, मासेरू आणि गाबोरोन या शहरांमध्ये घुसून त्यांच्या सहकाऱ्यांना ठार केले होते, त्याच लष्कराचा कारभार त्यांच्या हाती आला. काही लेखक त्यांना सैन्य एकत्र आणणारा मंत्री म्हणून गौरवतात, तर काहींच्या लेखी ते केवळ वादग्रस्त शस्त्रखरेदीचे जनक आहेत. एकाच माणसाच्या या दोन चित्रांचा मेळ कसा घालावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : वसंत_पुणे

पहिल्या चित्राविषयी मी लिहितो, कारण त्या कामाची अवघडता आज विसरली गेली आहे असे मला मनापासून वाटते. २७ एप्रिल १९९४ रोजी जे नवे संरक्षण दल अस्तित्वात आले, त्यात जुने गोरे लष्कर, एमके, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे सशस्त्र दल आणि ट्रान्सकाई, बोफुथात्स्वाना, व्हेंडा व सिस्काई या वर्णद्वेषी राजवटीने निर्माण केलेल्या चार तथाकथित स्वतंत्र प्रदेशांच्या सेना अशी सात दले एकत्र आणायची होती. त्यांतील अनेक माणसे काही वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखून होती. जुन्या राजवटीचे जनरल गेऑर्ग मेइरिंग यांनाच लष्करप्रमुखपदी कायम ठेवण्यात आले आणि मोडिसे यांनी त्यांच्यासोबत चार वर्षे काम केले. ही तडजोड अनेक जुन्या लढवय्यांच्या पचनी पडली नाही, तरी ती केली नसती तर गोऱ्या अधिकाऱ्यांचा मोठा गट बंडाच्या वाटेवर गेला असता, असे माझे मत आहे.

सैनिकांच्या पातळीवर मात्र हे फार कठोर होते. एमकेच्या अंगोलातील छावणीत दहा-दहा वर्षे काढलेल्या, पण शाळेचा दाखला नसलेल्या माणसाला कोणता हुद्दा द्यायचा, हा प्रश्न रोज समोर येई. प्रमाण मानले जात होते ते जुन्या लष्कराचे, आणि प्रक्रियेवर देखरेख करण्यासाठी ब्रिटिश लष्कराचे सल्लागार पथक बोलावले होते. ऑक्टोबर १९९४मध्ये प्रिटोरियाजवळच्या वालमन्सताल छावणीतील एमकेचे सैनिक वागणुकीविरुद्ध बाहेर पडले. ज्यांनी आयुष्य पणाला लावले, त्यांना आता जुन्या शत्रूच्या हाताखाली पुन्हा परीक्षा द्यावी लागत होती. मंडेलांनी परत येण्याची मुदत दिली आणि जे आले नाहीत त्यांना बडतर्फ करण्यात आले. मोडिसे स्वतःच्याच सैनिकांविरुद्ध मंत्री म्हणून उभे राहिले. याला मी त्यांची कठोर पण आवश्यक कर्तव्यनिष्ठा मानतो, जरी त्या सैनिकांचे दुःख मला आजही अस्वस्थ करते.

१९९८ साली मेइरिंग यांनी मंडेलांकडे एक अहवाल दिला. त्यात सरकार उलथवण्याच्या कटात सिफिवे न्यांडा यांच्यासारख्या माजी एमके अधिकाऱ्यांची नावे गोवली होती. सरन्यायाधीश इस्माईल महोमद यांच्या चौकशीत तो निराधार ठरला, मेइरिंग यांनी मुदतीआधी पद सोडले आणि न्यांडाच लष्करप्रमुख झाले. चार वर्षांत गोळी न झाडता हा बदल घडला, याचे श्रेय मोडिसे यांना द्यायलाच हवे.

उत्तर : माधवी_रत्नागिरी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु दुसरे चित्र समजून घ्यायचे असेल तर १९९८ऐवजी १९६७पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी एमकेची लुथुली तुकडी झांबेझीची खोल घळई दोरांच्या आधाराने उतरून नदीपार झाली आणि ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) वांकी अरण्यात शिरली. पाणी, अन्न आणि नकाशे यांची तयारी अपुरी होती. स्थानिक लोकांचा आधार मिळेल ही अपेक्षाही फोल ठरली. काही जण मारले गेले, आणि बोट्स्वानात हटून गेलेल्या ख्रिस हानी या एमकेच्या लढवय्याला तेथील तुरुंगात दिवस काढावे लागले. परतल्यावर पराभवाचा साधा आढावाही कोणी घेत नाही हे पाहून हानी आणि सहा सहकाऱ्यांनी १९६९मध्ये एक निवेदन लिहिले. नेतृत्व सैनिकांपासून तुटले आहे, काही वरिष्ठ गूढ व्यापारी उद्योगांत गुंतले आहेत आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही, अशी त्यातील तक्रार होती. त्यात मोडिसे यांचे नाव थेट होते. निवेदन लिहिणाऱ्यांनाच आधी शिक्षा झाली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या टांझानियातील मोरोगोरो परिषदेनंतर त्यांना परत घेण्यात आले, पण सेनापती बदलले नाहीत.

दक्षिणायन

पण भूमिगत सेनेत गुप्तता अपरिहार्यच असते ना? सेनापतीने प्रत्येक निर्णय सभेत मांडला असता तर हेरांनी सेना संपवली असती.

माधवी_रत्नागिरी

आपले म्हणणे रास्त आहे. म्हणूनच मी त्यांना केवळ लोभी ठरवत नाही. हेरांची भीती खरी होती, मात्र त्याच भीतीपोटी अंगोलातील छावण्यांत स्वतःच्याच माणसांचा छळ झाला, हे संघटनेने नेमलेल्या मोत्सुएन्याने आयोगाने १९९३मध्ये नोंदवले आहे. लढ्याच्या काळात समजण्यासारखी असलेली एकट्याने ठरवण्याची सवय ते मंत्रालयात घेऊन आले, आणि तिथे ती घातक ठरली.

हॉक विमानांचे उदाहरण पाहा. वायुसेनेला प्रशिक्षणासाठी जेट विमाने हवी होती आणि इटलीच्या आएरमाक्की कंपनीचा प्रस्ताव कितीतरी स्वस्त होता. मोडिसे यांनी ‘दूरदृष्टीचा’ विचार करावा असे सांगत किमतीचा निकष वगळून स्वतंत्र तुलना करायला लावली, आणि त्या तुलनेत ब्रिटिश हॉक पुढे आले. संरक्षण सचिव पिएर स्टेन यांचा खरेदीच्या पद्धतीला आक्षेप होता, १९९८च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. हॉक, स्वीडिश ग्रिपेन लढाऊ विमाने, चार युद्धनौका, तीन पाणबुड्या आणि हेलिकॉप्टर मिळून सुमारे ३० अब्ज रँडचे करार झाले, तेही डिसेंबर १९९९मध्ये, मोडिसे पायउतार झाल्यानंतर. त्याच काळात देश एड्सने होरपळत होता, हे विसरता येत नाही.

वसंत_पुणे

एक गोष्ट न्याय्यतेसाठी जोडतो. मोडिसे यांच्यावर शस्त्रखरेदीतील गैरव्यवहाराचा आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. या खरेदीच्या चौकशीसाठी २०११मध्ये नेमलेल्या सेरिटी आयोगाने कोणालाच दोषी ठरवले नाही, परंतु महत्त्वाचे पुरावे तपासलेच नाहीत म्हणून २०१९मध्ये उच्च न्यायालयाने त्या आयोगाचे निष्कर्षच रद्द केले.

माधवी_रत्नागिरी

मान्य. मात्र शस्त्रखरेदीवरील तीन तपास यंत्रणांचा संयुक्त अहवाल नोव्हेंबर २००१च्या मध्यास प्रसिद्ध झाला आणि २६ नोव्हेंबरला मोडिसे कर्करोगाने वारले, त्यामुळे त्या अहवालाला उत्तर द्यायला त्यांना फारसा अवधीच मिळाला नाही. मी केप टाउनजवळच्या सायमन्स टाउनला गेले होते तेव्हा नौदलाच्या धक्क्यावर त्या खरेदीतील एक युद्धनौका उभी होती. चार नौकांना लढायांची आणि बुडालेल्या जहाजाची नावे दिली आहेत : अमाटोला, इसांडल्वाना, स्पिओनकॉप आणि मेंडी. स्पिओनकॉपच्याच टेकडीवरून १९०० साली गांधीजींच्या रुग्णवाहक पथकाने जखमी सैनिकांना डोलीतून खाली नेले होते. धक्क्यावर बराच वेळ मी थांबले आणि वालमन्सतालहून घरी पाठवलेल्या त्या सैनिकांचाच विचार करत राहिले.