देवबागची वाळू आणि जुनी उपग्रहचित्रे

कोकणातल्या आडवाटांची रस्त्यावरून टिपलेली दृश्ये मिळत नाहीत, म्हणून घरबसल्या किनारा पाहण्यात अर्थ नाही, हे काहींचे मत मला पटत नाही. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रे तारखेनुसार पाहण्याची सोय 2009 पासून आहे; एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी असलेल्या, मालवणजवळच्या देवबागच्या चिंचोळ्या पट्ट्याची चित्रे एकामागून एक पाहिली, की नदीच्या मुखाजवळची वाळू कशी सरकत गेली हे स्वच्छ दिसते. (पावसाळ्यातली चित्रे ढगांमुळे क्वचितच कामाची असतात.) मात्र चित्रावर तारीख असली, तरी त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे लिहिलेले नसते, त्यामुळे पुळणीची रुंदी थेट ताडून न पाहता सुरूच्या झाडांची कड कुठे आहे ते पाहावे, कारण ती रोजच्या पाण्याबरोबर हलत नाही.