वाटेतली समाधी: घरी परतताना तुम्ही कधी थांबलात का?

माळव्यातली माई
काल गाडीची डिकी झाडताना मॅटखालून मूठभर वाळू निघाली. फेकवेना. रावेरखेडीची आहे, नर्मदेकाठची.

मागच्या वर्षी बुऱ्हाणपूरचं लग्न आटोपून इंदूरला परतत होतो. मी, हे, दीर आणि मांडीवर मावा जलेबीचा डबा घेऊन सासूबाई. सनावद आलं तसे दीर म्हणाले, "वहिनी, बाजीरावांची समाधी इथनं जवळच. लहानपणापासून या रस्त्यानं जातोय, एकदा वळलो नाही." हे म्हणाले, पुढच्या वेळी. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीही तू हेच म्हणशील. वळव."

बेडियाला मिरचीचा मोसम. काचा बंद, तरी चौघंही शिंकतोय. शिंकतच पोचलो. थोरल्या बाजीरावांची म्हणजे केवढी असेल वाटलं होतं. दगडी परकोट, आत बेताचीच समाधी, पलीकडे नदी. बाकी शांत. दिरांनी बोटांवर हिशेब केला. जन्म १८ ऑगस्ट १७००, गेले २८ एप्रिल १७४० ला, लढाईत नाही, आजारपणात. "म्हणजे ३९. वहिनी, माझंच वय. आणि मी अजून घराचे हप्ते फेडतोय." हसलो सगळे. पण सिमरोलचा घाट येईस्तोवर दीर गप्पच होते.

सासूबाईंनी एक जलेबी समाधीपुढे ठेवली आणि जाऊन पाण्यात पाय सोडून बसल्या. वाळू त्यांच्याच चपलांची.

तुम्ही कुठे थांबलात? लिहा.

जिरावन
जलेबी पेशव्यांना आणि आम्हाला नुसती वाळू. वा भिया

पाटणकर बझार, लष्कर
शिवपुरी. इंदूरहून ग्वाल्हेरला परतताना लागतंच. तात्या टोप्यांना तिथे फाशी दिली, १८ एप्रिल १८५९. माणूस मूळ येवल्याचा. मुलगा म्हणाला बाबा येवला म्हणजे पैठणीवालं ना. हो म्हटलं, आणि बायकोनं लगेच पैठणीचा विषय काढला. शिवपुरी ते ग्वाल्हेर तोच विषय.

आणि आमच्या ग्वाल्हेरच्या फुलबागेतली झाशीच्या राणीची समाधी? शाळेची बस रोज तिच्यावरून जायची. आत पहिल्यांदा गेलो ते पुण्याचे पाहुणे आले तेव्हा.

रेवा
बुऱ्हाणपूरला जाऊन आहुखाना नाही बघितलात?? मुमताज आधी तिथेच पुरलेली, १६३१ ला. ताजमहाल मागाहून.

माळव्यातली माई
रेवा अगं मुलाकडचे होतो, पंगतीतून उठू देतील तर ना

एमपी ०९
आलमपूर. ठरवून नाही, दबोहच्या रस्त्याला टायर बसला म्हणून. सासुरवाडीला ग्वाल्हेरला चाललो होतो. पंक्चरवाल्यानं नंबरप्लेट वाचली. "इंदौर से? मल्हारराव से मिलने आए होंगे।" काय बोलणार, हो म्हणालो. मग जावंच लागलं. मल्हारराव होळकर तिथेच वारले, २० मे १७६६. छत्री, म्हणजे समाधीची इमारत, अहिल्याबाईंनी बांधलेली, चांगली मोठी. आम्ही इंदूरला होळकरांच्या राजवाड्यासमोर उभं राहून पोहे खातो, पण त्यांचा शेवट कुठे झाला हे मला एका पंक्चरवाल्याकडून कळलं. टायर पुढे डबऱ्याला परत बसला ते वेगळं.

जिरावन
ट्यूबलेस घे रे

एमपी ०९
ट्यूबलेसच होता

काळी पलटणची
माझं माहेरच महू. बाबासाहेबांचं जन्मस्थान घरापासून चालत दहा मिनिटं. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, म्हणून जन्म इथे. १४ एप्रिलला माहेरी जायचं म्हणजे गाडी लांब लावून चालत शिरावं लागतं, रस्ते निळे. आई दारात माठ भरून ठेवते, येणारे कुठून कुठून येतात. एकदा एक विदर्भातल्या आजी पाणी पिऊन आईच्या पाया पडल्या. आई इतकी ओशाळली की तिनं त्यांना घरात नेऊन जेवायलाच बसवलं. सॉरी, बाळ उठलं, नंतर लिहिते.

रेवा
लिहाच. काय वाढलं होतं तेही 😄

पाटणकर बझार, लष्कर
माई, सनावदपासून रस्ता कसा आहे? आईला न्यायचंय, गुडघे दुखतात.

माळव्यातली माई
आम्ही गेलो तेव्हा बरा होता. पण सकाळी लवकर निघा, निमाडचं ऊन आहे ते.

रेवा
सासूबाई कशा आहेत आता?

माळव्यातली माई
ठणठणीत. वाटली डाळ करतायत, मला कैरी किसायला बसवलंय, एका हाताने लिहितेय. वाळू तुळशीत टाक म्हणाल्या. आणि ती जलेबी शिळी होती म्हणे, तेव्हा सांगितलं नाही.