रचनेच्या पायऱ्या पाठ आहेत, पण नवी रचना सुचत नाही

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे आणि संध्याकाळी मी त्याच्याबरोबर भूमितीला बसते. लंबदुभाजक, कोनदुभाजक, बाहेरील बिंदूतून रेषेवर लंब, हे सगळे तो न चुकता काढतो. परवा मात्र त्याच्यापुढे असा प्रश्न आला: पाया बक = ६ सेमी, कोन ब = ६०° आणि अब + अक = १० सेमी असलेला त्रिकोण काढा. त्याने पाया काढला, ६०° चा कोन काढला आणि तिथेच थांबला. दहा सेंटिमीटर ही लांबी कोणत्याच एका बाजूची नसल्यामुळे कंपासचे टोक कुठे टेकवावे हे त्याला उमगेना, आणि मलाही उमगले नाही. शिकवणीत पायऱ्या पाठ करायला सांगतात. न पाहिलेली रचना स्वतः शोधण्याची सवय त्याला कशी लावावी?

उत्तर (लातूर)

ताई, मी बरीच वर्षे नववी-दहावीला भूमिती शिकवतो, आणि मुले नेमकी इथेच अडतात, कारण प्रश्न वाचताच ती कंपास उघडतात. आधी हाताने कच्ची आकृती काढू द्या आणि त्रिकोण तयार झालाच आहे असे धरून तिच्याकडे पाहायला सांगा. आता बअ ही बाजू अ च्या पुढे वाढवून अक इतकीच लांबी अड घ्या. म्हणजे बड = १० सेमी झाली, आणि जी बेरीज आकृतीत कुठेच दिसत नव्हती ती एका रेषाखंडावर आली. ब, क आणि ड हे तिन्ही बिंदू अ माहीत नसतानाही काढता येतात. राहिला अ. तो बड वर आहे आणि क व ड यांच्यापासून समान अंतरावर आहे, म्हणजेच कड च्या लंबदुभाजकावर आहे. दोन्ही छेदतात तिथे अ मिळतो. अब सुमारे ४.६ सेमी आणि अक सुमारे ५.४ सेमी आली तर रचना बरोबर आहे. न सापडलेल्या बिंदूबद्दल दोन गोष्टी शोधायच्या, आणि प्रत्येक गोष्ट त्याला कोणत्या रेषेवर किंवा वर्तुळावर बांधून ठेवते ते पाहायचे. एवढा एक प्रश्न त्याने दरवेळी स्वतःला विचारावा. पुढे बेरजेऐवजी बाजूंमधील फरक देऊन पाहा, पण उत्तर सांगू नका.

उत्तर (नांदेड)

सरांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो: कंस फार लहान त्रिज्येने काढले तर ते एकमेकांना घासून जातात आणि छेदनबिंदू नेमका कुठे आहे ते कळत नाही. ते जवळजवळ काटकोनात छेदतील अशी त्रिज्या घ्यावी, पेन्सिलीला टोक असावे आणि कंपासचा स्क्रू सैल नसावा.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. बेरजेची रचना त्याने काल स्वतः काढली. मग फरकासाठी त्याने मनाने ३ सेमी घेतले, ब पासून बअ वरच ३ सेमीवर ड घेतला आणि कड चा लंबदुभाजक काढला, तर तो बअ ला समांतर गेला! त्याने तीनदा खोडून काढले. शेवटी मोजले, तेव्हा कोन बडक काटकोन निघाला.

उत्तर (लातूर)

ताई, त्याचे काहीही चुकलेले नाही. अड = अक हवे, म्हणून कोन अडक आणि कोन अकड समान हवेत; पण इथे कोन अडक ९०° आहे आणि एका त्रिकोणात दोन काटकोन मावत नाहीत. म्हणजे असा त्रिकोणच नाही. याहून वेगळी एक अडचणही त्याला सांगा: ६०° चा तिसरा भाग, म्हणजे २०° चा कोन, आहे, तरीही केवळ पट्टी आणि कंपास वापरून तो काढता येत नाही, हे वांझेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केले. आता त्याला फरक २ सेमी घेऊन पाहू द्या. अब १६ सेमी येईल, तेव्हा कागद मोठा घ्या.