डोंगरालगतची वस्ती आणि वणवा: शेजाऱ्यांनी कामं कशी वाटून घ्यायची?

पायथा

राम राम मंडळी. पेठ रस्त्याला, रामशेजच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी 34 घरांची वस्ती आहे. निम्मी घरं शेती करणारी, बाकीचे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. म्हणजे दुपारी वस्तीवर म्हातारी माणसं, बाया आणि पोरं एवढीच. वरच्या अंगाला वनखात्याची हद्द, मध्ये गायरान. गवत कंबरेइतकं वाढून वाळलंय.

हाताशी काय आहे: एक बोअर, एक विहीर, द्राक्षाचे दोन ट्रॅक्टर एचटीपीसकट (फवारणीचा जोरदार दाबाचा पंप आणि टाकी), पाठीवरचे सात-आठ पंप. जपायचं काय: सहा कांदाचाळी, चाऱ्याच्या गंजी, 40-45 जनावरं, अंथरुणाला खिळलेली दोन माणसं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, पण त्यात सगळे एकमेकांना 'काळजी घ्या' एवढंच सांगतायत. होळी तोंडावर आली. जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) किती रुंद काढायची, पाणी नेमकं कशावर मारायचं, माणसं-जनावरं कधी हलवायची, हे जाणकारांनी सांगावं.

रानवाट

पहिलं काम तुमच्या बीटच्या (वनरक्षकाच्या नेमलेल्या भागाच्या) वनरक्षकाला भेटायचं. वनहद्दीत त्याला न विचारता कोयताही चालवू नका. गायरानासाठी ग्रामपंचायतीला विचारा. वनखातं स्वतःची जाळरेषा काढतंच, तुमची तिला जोडून निघाली तर निम्मे कष्ट वाचतात.

रुंदी: सपाटीला गवताच्या उंचीच्या तिप्पट, पण 3 मीटरपेक्षा कमी नको. चढावर दुप्पट धरा. आग चढावर पळते, उतार 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. तुमची वस्ती पायथ्याला, म्हणजे वरून येणारी आग तुलनेनं हळू उतरेल. पण उतारावर जळकी लाकडं, शेणाच्या गोवऱ्या गडगडत खाली येतात आणि रेषा ओलांडतात. म्हणून रेषेच्या वस्तीकडच्या कडेला वीतभर खोल चर मारा आणि माती खालच्या बाजूला टाका. गडगडत आलेलं चरात अडकतं.

गवत नुसतं कापून उपयोग नाही. खुंट राहिले की आग त्यांच्यावरून सरपटत जाते. कुदळीनं खरवडून माती उघडी पाडायची. कापलेलं रेषेच्या कडेला रचून ठेवणं ही नेहमीची चूक, तीच पुढे वात होते. उचलून लांब न्या.

आणि रेषा एकदा काढून मोकळं होता येत नाही. सागाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आठवड्यात रेषा पुन्हा पानांनी भरते. दर रविवारी खराटा. रेषा फुटांत मोजून 34 घरांत वाटून द्या आणि खुणेला चुन्याचा ठिपका मारा, म्हणजे कुणाचा तुकडा तुंबलाय ते सगळ्या गावाला दिसतं. (लाज हे चांगलं अवजार आहे.)

एक अपवाद. अंजनेरीसारख्या पठारावर, सड्यावर (उघड्या कातळावर) कोणी मदतीला जाणार असेल तर तिथं कुदळ नको. सेरोपेजिया अंजनेरिकासारख्या दुर्मिळ छोट्या वनस्पतींचे कंद तिथल्या वीतभर मातीतच असतात. तिथं खराटा आणि ब्लोअरवर भागवायचं.

एचटीपी600

पाण्याचं गणित आधी करा. 600 लिटरची टाकी, गनमधून (पाणी मारायच्या नळीच्या टोकातून) मिनिटाला 20-25 लिटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत टाकी रिकामी. दोन ट्रॅक्टर एकाच वेळी मारत बसले की दोघंही एकाच वेळी भरायला जातात आणि मध्ये दहा मिनिटं कोणीच नसतं. म्हणून एक मारेल, एक भरेल. बोअरवर टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते आजच घड्याळ लावून बघा.

शेतीची थ्री फेज दिवसा असेलच असं नाही, आणि आग लागली की लाइन बंद करावी लागते, तेव्हा बोअर गेलीच. विहिरीवर डिझेल इंजिन ठेवा. फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) उन्हाळ्यात गाळात बसतो, त्याला जाळी बांधून तळापासून दोन फूट वर टांगा. शिवाय संध्याकाळी पंप धुऊन झाला की दोन्ही टाक्या भरूनच उभ्या करायच्या, होळीपासून पहिल्या पावसापर्यंत.

फवारणीची टाकी तीनदा धुवा. नाहीतर औषधाचं पाणी गंजीवर जातं आणि तोच चारा जनावरं खातात. एअरब्लास्ट ब्लोअर (पंख्याच्या वाऱ्यानं औषध फवारणारं यंत्र) असेल तर पंखा चालू करायचा नाही. त्या वाऱ्यानं ठिणग्या गावभर जातील. फक्त पंप आणि गन.

गन फवाऱ्यावर ठेवा, सरळ धारेवर नको. सरळ धार निखारे उडवते. पाणी ज्वाळेवर मारून वाया जातं, ते ज्वाळेच्या बुडाशी, जळत्या आणि न जळालेल्या गवताच्या सांध्यावर पडलं पाहिजे. तारांच्या दिशेनं गन मुळीच नाही. आधी लाइनमनला फोन, मग पाणी.

पाठीवरचा 16 लिटरचा पंप आठ-दहा मिनिटं पुरतो. त्यानं मोठी आग विझत नाही. मागे राहिलेले खुंट, शेण, ओंडके विझवायला तोच कामाचा.

नवखा_ट्रेकर

समोरून आग लावून दिली की दोन्ही आगी भिडून विझतात ना? सोपा उपाय वाटतो.

रानवाट

नाही. प्रतिआग लावायचा निर्णय वनखात्याच्या माणसानंच घ्यायचा, तोही रेषा तयार असताना आणि वारा कळत असताना. दुपारी वारा दरीतून वर, रात्री वरून खाली. त्या बदलाच्या वेळी, साधारण दिवस मावळताना, लावलेली आग लावणाऱ्याकडेच वळते. शिवाय राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागेल.

मदतीला जायचं तर आगीच्या शेपटाकडून, जळून गेलेल्या बाजूनं आत शिरा आणि बगलांनी पुढे सरका. आगीच्या तोंडासमोर, तिच्या वरच्या चढावर कोणी उभं राहायचं नाही. पळायची वेळ आली तर काळी पडलेली जमीन सगळ्यात सुरक्षित. तिथं जळायला काही उरलेलं नसतं.

निरगुडीची किंवा करंजाची पाच-सहा फुटी पानाळ फांदी घ्या, किंवा भिजवलेलं तागाचं गोणपाट. खताची प्लास्टिकची गोणी नको, ती वितळून हाताला चिकटते. फांदी खांद्यावर उगारून आपटली की ठिणग्या उडतात. ती आगीवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. दोघांची जोडी, एक फांदी, एक पंप, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. एकटा कोणी वर जाणार नाही. खाली एकानं वहीत नावं लिहून घ्यायची, परतल्यावर खोडायची.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, पायात चामडी बूट. टेरिकॉट आणि नायलॉन अंगावर वितळतं.

चाळकरी

कांदाचाळीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. चाळीखाली हवा खेळायला जी जागा सोडलेली असते, तिथंच पात, टरफलं आणि वाऱ्यानं आलेला पालापाचोळा साठतो. उडत आलेला निखारा नेमका तिथं विसावतो आणि वरच्या बांबूच्या पट्ट्या भट्टीसारख्या पेटतात. लोक चाळीचं छप्पर बघत बसतात, आग खालून येते.

म्हणून खालची जागा झाडून काढा आणि दोन्ही अंगांना बारीक जाळी ठोका. आग दिसली म्हणून चाळीवर पाणी ओतू नका, आठ दिवसांत कांदा सडेल. पाणी चाळीभोवतीच्या दहा फूट पट्ट्यावर मारा. शेडनेटचे पडदे लावले असतील तर सोडून गुंडाळून आत टाका. गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या आणि द्राक्षाचं प्लास्टिक आच्छादन चाळीला टेकवून ठेवायची सवय सगळीकडे आहे, ती आधी मोडा. घराला लागून रचलेल्या सरपणाचंही तेच, 30 फूट लांब.

गंज एक मोठी रचण्यापेक्षा तीन लहान, मध्ये 30-30 फूट अंतर, आणि शेजाऱ्याची गंज माझ्या गोठ्याला टेकलेली नाही ना ते दोघांनी मिळून बघायचं. पेटलेली गंज वरून विझली तरी आत धुमसते. दाताळ्यानं फोडून पसरवून भिजवली नाही तर पहाटे पुन्हा पेट घेते.

जनावरं: धूर दिसला की दावी सोडा, आग जवळ येण्याची वाट बघू नका. गोंधळात गाठ सुटत नाही, म्हणून प्रत्येक गोठ्यात दाराशी एक विळा टांगलेला. ज्याचा मालक ड्युटीवर आहे त्याच्या गोठ्याची जबाबदारी आजच नावानिशी दुसऱ्याला द्या. हाकायचं कुठं तेही ठरवा: नांगरलेलं किंवा कांदा काढून मोकळं झालेलं रान, वस्तीच्या खालच्या अंगाला.

रात्रपाळी_सिस्टर

अंथरुणावरची माणसं सर्वांत आधी हलवायची, धूर दिसताक्षणी. ज्वाळा दिसेपर्यंत थांबलं तर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि जनावरांची गर्दी झालेली असते. प्रत्येकासाठी चार माणसं आणि एक गाडी ठरवा. चारांपैकी निदान दोघं दिवसा वस्तीवर असणारी हवीत, कंपनीत जाणाऱ्यांची नावं लिहून काही होणार नाही. घोंगडीची झोळी चालते, पण एकदा पोतं घालून रंगीत तालीम करा. दारातून झोळी वळत नाही हे त्याच वेळी कळतं.

पिशवी भरून दाराला अडकवलेली: आठवड्याची औषधं, इन्हेलर, चष्मा, आधार आणि दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहतं आणि विसरतं. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'फ्रिज' लिहा.

ओला रुमाल तोंडाला बांधून धुरातले बारीक कण अडत नाहीत, एन95 मास्क घ्या. घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा. कोणी भाजलं तर वाहतं साधं पाणी 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नाही. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. स्वच्छ सुती कापडानं सैल झाकून 108.

पायथा

मंडळी, मनापासून आभार. दोन शंका. डोंगराच्या कडेला रेंज जाते, तिथून कळवायचं कसं? आणि उपग्रहावरून मेसेज येतो म्हणतात, त्यावर भरवसा ठेवावा का?

रानवाट

भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नोंदवला की सूचना येते, फुकट आहे, जरूर नोंदवा. पण आग टिपणारा व्हीआयआयआरएस सेन्सर असलेला उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो आणि त्याचा एक ठिपका 375 मीटरचा. तीन वाजता पेटलेलं गवत संध्याकाळपर्यंत वस्तीवर आलेलं असेल. तुमचा खरा उपग्रह म्हणजे वरच्या घरातल्या आजी. त्यांना फोन नाही, घंटा द्या. देवळाची घंटा सलग वाजली की वणवा, आरतीची लय वेगळी. कीर्तनाचा भोंगा बॅटरीवर चालतो का तेही तपासा.

बाहेर फोन एकानंच करायचा, दहा जणांनी नाही: वनखात्याचा 1926, अग्निशमन 101, नाही लागला तर 112. 'डोंगराला आग लागली' एवढ्यावर कोणी येऊ शकत नाही. गट क्रमांक, कोणत्या अंगाला, वस्तीपासून किती लांब, वारा कुठून, टँकर कुठपर्यंत येतो. हे पाच मुद्दे कागदावर लिहून देवळात चिकटवा. फाट्यावर एक पोरगा उभा करा, बंब चुकीच्या शिवारात शिरला की अर्धा तास जातो.

होळी तर आहेच, पण त्यानंतर मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, आणि मेपर्यंत राब भाजतात (रोपांसाठी जमिनीवर पाला-फांद्या पसरून जाळतात). पेठ-सुरगाण्याकडे हे दरसालचं. शेजारच्या पाड्यांशी आत्ताच बोला: राब भाजायचा तो सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, आणि दोन पंप घेऊन तुमचीही चार माणसं तिथं हजर. बंदी घाला म्हणून भांडलात तर ते रात्री, कोणाला न सांगता भाजतील.

एचटीपी600

विझल्यानंतरचं राहिलं. पहिली रात्र दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, प्रत्येक पाळीला दोघं आणि एक पाठपंप. ओंडक्याजवळ हाताची मागची बाजू न टेकवता न्यायची. धग लागली तर फोडून पाणी, पुन्हा हात. धूर दिसत नाही म्हणून सोडून दिलेला ओंडकाच दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला पेटतो. दिवसपाळीवाल्यांना पहिली पाळी द्या, पहाटेची शेतकऱ्यांना.

पायथा

रविवारी सकाळी सातला बैठक ठेवलीय, वनरक्षकही येतो म्हणाला. विळे मोजले, 11 कमी पडतायत.