मदत हवी आहे: यूप्रोबचा पॅच तपासतोय, ऑफसेटपाशी अडलंय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, काम घरूनच. आमच्या कर्नल ट्रेसिंग टूलमध्ये आता यूजर-स्पेस प्रोबची, म्हणजे साध्या प्रोग्रामच्या कोडमध्ये ठरावीक जागी ब्रेकपॉइंट बसवून तो काय करतोय ते बघण्याची (यालाच यूप्रोब म्हणतात) सोय येतेय आणि तो पॅच रिव्ह्यूला माझ्याकडे आलाय. कर्नलची बाजू कळते (यूप्रोब लिनक्स ३.५ पासून, म्हणजे २०१२ पासून आहेच), ईएलएफ फाइलशी (लिनक्सवरच्या बायनरींचा फाइल फॉरमॅट) मात्र जुजबी ओळख.

पॅचमध्ये सिम्बॉल टेबलातला (फंक्शनची नावं आणि त्यांचे मेमरीतले पत्ते यांची यादी) पत्ता जसाच्या तसा ऑफसेट म्हणून कर्नलला दिलाय. पण कर्नलला फाइलमधला ऑफसेट, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लागतो ना? माझ्या मते पत्त्यातून त्या सेगमेंटचा (बायनरीचा मेमरीत एकत्र चढणारा तुकडा) व्हर्च्युअल पत्ता वजा करून, उरलेल्या आकड्यात सेगमेंटचा फाइल ऑफसेट जोडायला हवा. पॅच लिहिणारा पोरगा म्हणतो, "दादा, माझ्याकडं चालतंय की ओ!" चालणारच, त्याच्या बायनरीत सेगमेंटचा व्हर्च्युअल पत्ता आणि फाइल ऑफसेट सारखेच आहेत. एलएलडीने (एलएलव्हीएमचा लिंकर) लिंक केलेली बायनरी घेतली की ब्रेकपॉइंट भलतीकडेच बसू शकतो, आणि मग प्रोसेस गचकली की शिव्या टूललाच.

दुसरं, रिटर्न प्रोब (फंक्शन संपून परतताना लागणारा प्रोब) स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलतो. गो भाषेतल्या प्रोग्रामचा स्टॅक चालता चालता जागा बदलतो, त्यामुळे तिथे क्रॅशची भीती. टूलने गो बायनरी ओळखून सरळ नकार द्यावा की इशारा पुरे? माझा कल नकाराकडे.

ज्यांनी असा कोड तपासलाय त्यांनी सांगा, टेस्ट कशा लिहिता? पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढू शकणारी बायनरी), नॉन-पीआयई आणि शेअर्ड लायब्ररी एवढ्या पुरतील का? सोलापुरात कुणी असेल तर पार्क चौकात भेटू, पण ऊन उतरल्यावर. शेरे शुक्रवारपर्यंत द्यायचेत.