समुपदेशक आपल्यातलाच हवा का?

कुणीतरी लिहिलंय की समुपदेशक आपल्यातलाच, म्हणजे मराठीच, असेल तरच आपलं दुखणं कळतं. मला नाही पटत. इकडे इंदूरला मावशीच्या सुनेला जिच्याकडे नेलं ती रामबागेतली, चांगली मराठी, पण पहिल्याच भेटीत 'अगं, एकत्र कुटुंबात एवढं चालायचंच' म्हणून मोकळी, मग सून बिचारी ओढणीचं टोक पिळत गप्प बसली ती बसलीच (सासू पण तिथंच, खुर्ची ओढून!). आणि बालपण वाईट गेलं की माणूस संपला असंही नसतं हो, मानसशास्त्रज्ञ एमी वर्नरबाईंनी हवाईच्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेली 698 मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली, सगळ्यात बिकट घरातली साधारण एक तृतीयांश तरी नीट मार्गी लागली, बहुतेकांना आजी, मावशी, शिक्षक असं जीव लावणारं कुणीतरी होतं. तेव्हा समुपदेशकही आपल्यातला असण्यापेक्षा जीव लावून ऐकणारा हवा.