चेलो, पाउवाउचा ढोल आणि ठोका कुणाचा?

मध्यलय
पाउवाउचा ढोल आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणणाऱ्या, क्रिस डर्कसेन यांच्या 'ऑर्केस्ट्रल पाउवाउ' (२०१५) या अल्बमवरून आमच्या मित्रमंडळींत जोरात वाजलं, म्हणून धागा काढतेय. डर्कसेन कॅनडातले नावाजलेले चेलोवादक (चेलो म्हणजे बसून वाजवायचं, व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य) आणि संगीतकार. वडिलांकडून उत्तर अल्बर्टातले क्री आदिवासी, आईकडून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातले. चेलोचं रीतसर शिक्षण ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झालेलं. या अल्बमला २०१६ मध्ये जुनो या कॅनडाच्या संगीत पुरस्काराचं नामांकनही होतं.

ज्यांनी पाउवाउ ऐकला नसेल त्यांच्यासाठी: हा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा नाचगाण्याचा मेळावा. एक मोठा ढोल आडवा ठेवतात, भोवती गायक बसतात, प्रत्येकाच्या हातात काठी. मुख्य गायक वरच्या पट्टीत ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात आणि चाल पायरीपायरीने खाली उतरते. मध्येच काही ठोके जोरकस पडतात, त्यावर नाचणारे ढोलाला मान देतात. गळा आणि ठोका एकावर एक बसत नाहीत, गळा किंचित सुटा राहतो, आणि सगळी जान त्या सुटेपणातच आहे.

डर्कसेन यांनी ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून छडीने लय देणारा कंडक्टरच काढून टाकला. लय ढोल देणार आणि व्हायोलिन, चेलो, फुंकवाद्यं त्याच्या मागून चालणार. लोककलाकाराच्या कानात क्लिक ट्रॅक (ठरलेल्या लयीची टिकटिक) घालून 'तुम्ही इथून सुरू करा' सांगणारे सिंफनी प्रयोग आपण खूप पाहिलेत. इथे जुळवून घ्यायचं काम ऑर्केस्ट्राकडे आहे. म्हणून मी याला फ्यूजनच्या खात्यात टाकायला तयार नाही.

पेटीवाला
असहमत. ठोका कुणाचा एवढ्यावरून निकाल लागत नाही, जागा कुणाची हेही बघा. पाउवाउ हे वर्तुळ आहे. मधे ढोल, भोवती नाचणारे, म्हातारीकोतारी, पोरंबाळं. सभागृहात तेच लोक अंधारात खुर्चीवर बसून शेवटी टाळ्या वाजवणार. नाचाशिवायचा पाउवाउ मला अर्धा वाटतो.

आणि इतिहास विसरू नका. कॅनडाने १८८४ मध्ये कायदा करून पॉटलॅच या आदिवासींच्या दानाच्या समारंभावर बंदी आणली, १८९५ मध्ये ती आणखी विधींवर आणि नाचांवर वाढवली. १९५१ मध्ये ती कलमं गेली. ज्या व्यवस्थेने या नाचांसाठी माणसं तुरुंगात घातली, तिच्याच सभागृहांना आता तो ढोल हवासा वाटतोय. मला यात सन्मानापेक्षा सोय जास्त दिसते.

टोरांटोकर
पेटीवाला, इतिहास बरोबर, निष्कर्ष पटला नाही. तुमच्या हिशेबाने क्री माणसाने माळावरच गायचं आणि सभागृह गोऱ्यांसाठी सोडायचं. ही दुसरी बंदीच झाली की! डर्कसेन यांना मेनोनाइट आजोळही आहे, चेलो त्यांनी कुणाकडून उसना घेतलेला नाही. शिवाय गजाचं वाद्य तिथल्या लोकांना नवं नाही. मेटी लोकांत (आदिवासी आणि युरोपी अशा मिश्र वंशाचा समाज) फर व्यापाराच्या काळापासून फिडल म्हणजे व्हायोलिन वाजतंय, आणि त्यांच्या चालींत ओळी कमी-जास्त लांबीच्या असतात, युरोपी चौकटीत न बसणाऱ्या. वाद्य बाहेरून आलं, चाल त्यांनी आपली केली. नाचाचं म्हणाल तर डर्कसेन यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत नर्तकही असतात.

मध्यलय
+१. आणि पेटीवाला, तुमच्या टोपणनावातली पेटीसुद्धा १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर बंद होती, परकी म्हणून. गोविंदराव टेंब्यांनी वाजवलेली पेटी आपण परकी म्हणू का?

पेटीवाला
पेटीचं मान्य, पण माझी हरकत वाद्याला नाहीच. माझी हरकत गाण्याच्या मालकीवर आहे. उदाहरण देतो. कॅनडाचे संगीतकार हॅरी सोमर्स यांचा, मेटी पुढारी लुई रिएलवरचा 'लुई रिएल' हा ऑपेरा १९६७ चा. त्यातलं 'कुयास' हे गाणं ज्या चालीवर आहे ती ब्रिटिश कोलंबियातल्या निस्गा या आदिवासी लोकांच्या शोकगीताची. १९२७ मध्ये लोकसंस्कृतीचे अभ्यासक मारियस बार्बो आणि संगीतकार अर्नेस्ट मॅकमिलन यांनी ती नास नदीच्या खोऱ्यात टिपली होती. निस्गा रिवाजात असं गाणं ज्याच्या घराण्याचा हक्क त्यानेच गायचं. ऑपेरात त्यावर क्री भाषेतले शब्द चढवले आणि अंगाई करून टाकली! पन्नास वर्षं त्याचं कौतुक झालं. २०१७ च्या प्रयोगाच्या वेळी आक्षेप ऐरणीवर आला आणि पुढे इयन कुसाँ या मेटी संगीतकाराकडून त्या जागी नवी रचना करून घेतली. मिलाफ म्हटलं की मला आधी हे आठवतं.

मध्यलय
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथे गाणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, चाल कागदावर उतरली आणि माणसं मागे राहिली. इथे ट्रायबल स्पिरिट या पाउवाउ संगीताच्याच लेबलच्या गायकमंडळ्या आहेत आणि गाणं त्यांच्याच गळ्यातून येतं. ढोल आहे तसा राहतो, नवं काही लिहायचं ते व्हायोलिन-चेलोसाठी.

डोंगरवाट
मी जव्हारकडचा. आमच्यात तारपा (दुधीचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा मधे आणि नाचणारे त्याच्या भोवती साखळी धरून. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तो थांबेपर्यंत कुणी थांबत नाही, रात्र सरते. मागे एका महोत्सवात आमच्या म्हाताऱ्या तारपावाल्याला तीन मिनिटं दिली होती. खालून एक पोरगा घड्याळ दाखवत उभा. त्यांना दमच लागेना, दुधीत हवा भरून सूर ठरायलाच वेळ लागतो. पुढे कीबोर्डवाल्याने आपल्या पट्टीत सुरुवात केली आणि तारपा बेसुरा ठरला. तारपा बेसुरा नव्हता, त्याची पट्टी त्याची आहे.

म्हणून मध्यलय म्हणतात त्याचं मोल मला कळतं. मला विचारायचंय ते वेगळंच. त्या ढोलावरच्या गायकांना व्हायोलिनवाल्यांइतके पैसे आणि तालमीला तेवढे दिवस मिळतात का? आमच्याकडे तालीम वाद्यवृंदाची होते, आदिवासी थेट कार्यक्रमाच्या दिवशी बसमधून उतरतात.

टोरांटोकर
डोंगरवाट, हा प्रश्न प्रत्येक आयोजकाला विचारायला हवा.

पेटीवाला
डोंगरवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. मध्यलय, या अल्बमबद्दल तुमचं म्हणणं मानतो. पण पुढचं बघा. २०२४ मध्ये डर्कसेन यांची 'कंट्रोल्ड बर्न' ही चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली. ऑर्केस्ट्रा माँट्रियालचा ऑर्केस्टर मेट्रोपोलिटन आणि समोर कंडक्टर यानिक नेझे-सेगाँ. म्हणजे हॉल मोठा झाला आणि छडी परत आली.

मध्यलय
आली, नाकारत नाही. पण ती रचना कशावर आहे? रान जपण्यासाठी ठरवून, आटोक्यात लावलेल्या आगीच्या आदिवासी ज्ञानावर. आणि तिथे स्वरलिपी क्री संगीतकाराची आहे, कंडक्टर तिच्याबरहुकूम चालतो. दर वेळी ढोलच पुढे असावा ही अटही मला जाचक वाटते. कधी पाउवाउचे गायक, कधी एकटा चेलो आणि लूप पेडल (वाजवलेलं टिपून पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र), कधी अख्खा ऑर्केस्ट्रा, ही निवड डर्कसेन यांनी करायची.

पेटीवाला
निवड त्यांची, मान्य. कार्नेगीसारख्या हॉलने एकदा छडीशिवाय पाउवाउच्या ढोलाला संध्याकाळभर मंच द्यावा, नाचणाऱ्यांसाठी खुर्च्या हलवाव्यात. तोवर माझी हरकत कायम.